पडला की पाडला

चार दिवस पाऊस आला नाही, एवढीच बातमी. ती सांगायला मराठीत दोन वाक्यं तयार आहेत: ‘पावसाने उघडीप दिली’ आणि ‘पावसाने ओढ दिली’. आभाळ दोन्हीकडे तितकंच कोरडं. ‘उघडीप’ म्हणणाऱ्याच्या रानात पाणी साचलेलं असतं. त्याला वापसा हवा असतो, म्हणजे जमीन इतपत निथळायला हवी असते की औत घातलं तरी चिखल होणार नाही. वापसा आला की कोळपणी होते, खुरपणी होते, फवारलेलं औषध तासाभरात धुऊन जात नाही. ‘ओढ’ म्हणणाऱ्याचं पीक वीतभर वर आलेलं असतं आणि दुपारी माना टाकू लागलेलं असतं. पुष्कळदा हे दोघं एकच असतात. गेल्या सोमवारची उघडीप या सोमवारी ओढ झालेली असते, आणि मधल्या कोणत्या दिवशी तिचं नाव बदललं ते त्यालाही सांगता येत नाही.

तिसरं वाक्य सरकारी पत्रकातलं: ‘पावसात खंड पडला’. यात सुखही नाही, दुःखही नाही, नुसती मोजणी. मान्सूनचा खंड हा हवामानशास्त्रातलाही शब्द आहे. जुलै-ऑगस्टात, ऐन भरात, मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. तिथे धो धो कोसळतं आणि मध्य भारतावर ढग नुसते येऊन जातात. २०२३ चा ऑगस्ट असा गेला. देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस, १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. त्या खरिपात ‘खंड’ हा शब्द पत्रकातून उठून थेट शेतकऱ्याच्या तोंडी आला, कारण त्याला पैसे चिकटले होते. पीक विम्याची २५ टक्के आगाऊ भरपाई, जिला सगळे ‘अग्रिम’ म्हणत, ती मिळायची तर महसूल मंडळात सलग २१ दिवस पावसाचा खंड हवा होता. मग जो तो विचारू लागला, आपल्या मंडळाचा खंड किती झाला? आणि मुदत भरायच्या आत पर्जन्यमापकात एखादी सर नोंदली गेली की लोक म्हणत, ‘खंड तुटला’.

खंड म्हणजेच तुटणं. तेच तुटलं. ज्या सरीसाठी डोळे लावून बसायचं, ती नको त्या दिवशी आली म्हणून कपाळाला हात! भाषेने हे वाक्य ठरवून बनवलेलं नाही, परिस्थितीने तिच्याकडून वदवून घेतलं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या मोकळ्या जागा बघणं हा धंदाच असल्याने या शब्दांकडे लक्ष जात राहतं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मराठी नुसत्या रिकाम्या जागेला नाव देतच नाही. तिथे काय असायला हवं होतं, त्यावरून ती नाव ठेवते. दाराच्या दोन फळ्या भिडायला हव्या होत्या आणि भिडल्या नाहीत, तर फट. जे वाहत राहायला हवं होतं ते थांबलं, तर खंड. जो रोज यायला हवा होता तो आला नाही, तर खाडा. अपेक्षाच नसेल तर यातलं काहीच म्हणता येत नाही. दोन डोंगर एकमेकांपासून लांब उभे असतात, त्यांच्यामध्ये फट आहे असं कोणी म्हणत नाही. ते भिडतील असं कोणाला वाटलेलंच नसतं.

नाम झालं, आता क्रियापद बघा. खरी गंमत तिथे आहे. मराठीतली बहुतेक तुटणी ‘पडतात’. खंड पडतो, भेग पडते, खिंडार पडतं, फूट पडते, अंतर पडतं, विसरही पडतो. ‘पडणे’ हे मोठं सोयीचं क्रियापद. त्यात कर्ता शोधायला जावं तर सापडत नाही. पावसाचे थेंब पडतात तसं हे आपोआप वरून पडलं, कोणी काही केलं नाही. आता त्यात एक काना घाला: पाडणे. लगेच माणूस उभा राहतो. ‘पक्षात फूट पडली’ आणि ‘पक्षात फूट पाडली’ यांत कान्याएवढाच फरक आहे, आणि या एका कान्यावरून संपादकांच्या खोलीत आवाज चढलेले मी ऐकलेत. अशा वेळी ‘पडली’ छापणं म्हणजे तटस्थ राहणं, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. घर पाडणारा समोर दिसत असताना ‘घर पडलं’ असं लिहिणं ही तटस्थता नव्हे.

तडा मात्र पडत नाही, तो जातो. काचेला तडा गेला, भिंतीला तडा गेला. ‘तड्’ हा आवाज त्या शब्दातच आहे, आणि आवाजासारखाच तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघून जातो, आपण बघेबघेपर्यंत. भेगेला असला वेग नाही. भेग पडायला ऊन लागतं, कोरडेपणा लागतो, दिवस लागतात. ती जमिनीला पडते, टाचेला पडते. चीर बारीक आणि सरळ. भगदाड एवढं मोठं की त्यातून माणूस आत-बाहेर करेल. दगडी बांधकामात दोन दगडांच्या मधल्या जागेला गवंडी दरज म्हणतात, आणि ‘दरजा भरल्या का?’ असं विचारतात. म्हणजे ती फट चूक नव्हे, कामाचाच एक टप्पा. आता एवढे शब्द हाताशी असताना विश्वासाच्या बाबतीत आपण तडाच का निवडला असेल? विश्वासाला तडा गेला, असंच म्हणतात. विश्वासाला भेग पडली असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. वास्तविक विश्वास जायचा तर तो टाचेच्या भेगेसारखा जातो, रोज थोडा थोडा, आणि चालताना दुखेपर्यंत लक्षातही येत नाही. पण ज्याचा जातो त्याला तो आवाज होऊन गेल्यासारखा वाटतो. भाषेने त्याचं म्हणणं धरलं.

खिंड आणि खिंडार हे शब्द सख्खे दिसतात, पण स्वभावाने एकमेकांच्या उलट. खिंड डोंगराने स्वतःच ठेवलेली वाट. तिचं सगळं महत्त्व ती अरुंद आहे यात. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभूंनी मूठभर माणसांनिशी विजापूरच्या फौजेला अडवून धरलं, कारण तिथे पुष्कळांना एकदम पुढे येताच येत नव्हतं. पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत ती चिंचोळी जागा लढली, आणि पुढे पावनखिंड झाली. ‘खिंड लढवणे’ हा वाक्प्रचार आता ऑफिसातही चालतो. बाकीचे रजेवर असताना एकटाच काम रेटणारा खिंड लढवत असतो. खिंडार मात्र तटाला पडतं. जिथे वाट नको होती तिथे वाट झाली की खिंडार. निवडणुका जवळ आल्या की ‘अमक्या पक्षाला खिंडार’ हा मथळा इतक्यांदा येतो की तो मजकुराआधीच जुळवून ठेवला असावा असं वाटतं.

आता खाडा. या शब्दापाशी मला जरा थांबायचंय.

आमच्या मावशीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असायचं आणि त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. तारखेच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब, खालच्या कोपऱ्यात एक बारीक फुली. फुली म्हणजे कामाच्या बाईंचा खाडा. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या. किती खाडे ‘धरायचे’ आणि किती ‘सोडायचे’ याचा निवाडा मावशी करायची. पोराला ताप होता तो धरू नकोस, भावाच्या लग्नाला चार दिवस गेली ते धर, पण त्यातला एक सोड. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असायच्या आणि आपली बाजू मांडायच्या: ‘त्या दिवशी मी सांगून गेले होते, ताई.’ सांगून केलेला खाडा आणि न सांगता केलेला खाडा यांचे कायदे वेगळे. मावशी कडक होती, पण लबाड नव्हती. खोडलेल्या फुल्याही त्या कॅलेंडरवर पुष्कळ असायच्या. तरी पेन्सिल एकाच बाजूची होती हे खरंच.

आता हाच दिवस, हेच न येणं, माणूस बदलून बघा. कारकून आला नाही तर ती रजा. विद्यार्थी आला नाही तर त्याने दांडी मारली. मोठा अधिकारी आला नाही तर ते ‘सुट्टीवर’ आहेत. पुढारी आला नाही तर तो ‘नॉट रिचेबल’. कामाच्या बाई आल्या नाहीत तर खाडा. एकाच मंगळवारी पाच माणसं आपापल्या जागी नव्हती, आणि प्रत्येकाच्या रिकाम्या जागेला त्याच्या पायरीप्रमाणे नाव मिळालं.

रजा हा अरबीतून फारसीवाटे आलेला शब्द, मूळ अर्थ संमती. ‘रजामंदी’तली तीच रजा. म्हणजे रजेत आधी कोणीतरी हो म्हणावं लागतं, आणि हो म्हणवून घ्यायचा हक्क असावा लागतो. राज्य सरकारी नोकरांसाठी तो १९८१ च्या रजा नियमांत कलमवार लिहून ठेवलाय: अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा, असाधारण रजा. असाधारण हे विशेषण रजेला लागावं, हे मला नेहमी थोर वाटत आलंय. सुट्टीचं मूळ सुटण्यात. तिथे परवानगीपेक्षा मोकळं होणं मोठं. म्हणून शाळेला सुट्टी लागते, रजा लागत नाही. दांडीत तर चक्क पराक्रम आहे, ती ‘मारायची’ असते. आणि खाडा? तो भरायचा किंवा कापून घ्यायचा. त्यात संमती नाही, सुटका नाही, पराक्रमही नाही. नुसती तूट. घरकामगारांसाठी राज्यात २००८ साली कायदा झाला, कल्याण मंडळ आलं. बोलण्यात मात्र खाड्याची रजा झालेली अजून तरी माझ्या कानावर आलेली नाही. ‘ताई, उद्या माझी रजा आहे,’ असं एखादी बाई म्हणाली तर समोरची ताई आधी हसेल. तिने का हसावं याचं उत्तर त्या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात आहे.

कागदावरचा खंड याहून निगरगट्ट. ‘सेवेत खंड’ पडला की निवृत्तिवेतनापर्यंत त्याची सावली जाते, आणि तो ‘क्षमापित’ करून घ्यावा लागतो. जणू मधले दिवस हा अपराध होता. आणि ‘तांत्रिक खंड’ हे तर अजब प्रकरण. हंगामी माणसाला ठरावीक मुदतीनंतर एक-दोन दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच कामावर घ्यायचं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली झालेल्या दुरुस्तीने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याला सलग सेवेचा मान दिला, तेव्हापासून २४० हा आकडा कामगारांना आणि मालकांना सारखाच पाठ. हंगामी माणसाला माहीत असतं की हा खंड पडलेला नाही, पाडलेला आहे. आदेशात मात्र ‘खंड देऊन’ असं असतं. देऊन! खंड ही देण्याची वस्तू झाली, उघडीप देतात तशी.

शिक्षणातल्या खंडाचंही असंच. मधे एखादं वर्ष गेलं की प्रवेशाच्या वेळी ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतात. मी ते केलंय. घरातल्या आजारपणात एक वर्ष गेलं होतं. टंकलेखकाच्या टेबलाशी उभी राहून मी त्या वर्षात काय काय केलं ते सांगू लागले, तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काय केलं ते नको. काय नाही केलं ते लिहायचं असतं.’ आणि त्याने लिहिलं: सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही. औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं, दवाखान्याच्या बाकावर वाचून काढलेली पुस्तकं, हे त्या कागदाच्या कामाचं नव्हतं. कॉलेजच्या दृष्टीने ती फट होती आणि मी ती रिकामीच होती अशी शपथ घेतली.

इथपर्यंत सगळी उणीवच झाली. पण काही कामं अशी आहेत की ज्यांत मधली मोकळी जागा ठेवली नाही तर काम बिघडतं, आणि ती कामं करणाऱ्यांनी तिच्यासाठी शब्दही नीट सांभाळलेत. वृत्तात यती असते. शिखरिणीच्या सतरा अक्षरांत सहाव्यानंतर थांबायचं, शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत बाराव्यानंतर. तिथे शब्द पुरा व्हायला हवा. शब्द मधोमध चिरला गेला तर तो यतिभंग, कवीचा दोष. थांबण्याची जागाच मोडली म्हणून दोष, हे लक्षात घ्या. वेदपाठशाळांत अनध्याय, म्हणजे अध्ययनाला सुट्टीचे दिवस असत, प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी असे ठरलेले. सुंदरकांडात हनुमान वानरांना सीतेच्या कृशतेबद्दल सांगतो तेव्हा उपमा देतो ती प्रतिपदेलाही अध्ययन करणाऱ्याच्या विद्येची. तशी ती क्षीण झालीय म्हणे. सुट्टी न घेतल्याने विद्या रोडावते, असं वाल्मीकींनी सांगून ठेवलंय. हे आमच्या शाळेत कोणी सांगितलं नाही.

लहानपणी मी काही वर्षं तबला शिकले. तीनतालाच्या सोळा मात्रा. नवव्या मात्रेवर खाली, आमचे गुरुजी तिला काल म्हणत. हाताने ताल दाखवताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात नुसता उघडा करून बाजूला न्यायचा. मला वाटायचं खालीत काही वाजायचं नसतं. प्रत्यक्षात उजवा हात चालूच असतो, फक्त डग्ग्याचा घुमारा निघून जातो. ‘धा धिं धिं धा’चं ‘धा तिं तिं ता’ होतं. धिंचा तिं झाला की खोलीतल्या आवाजाचा तळ काढून घेतल्यासारखं वाटतं, आणि पुढे ‘ता धिं’वर तो परत येतो. गुरुजी म्हणायचे, सम (पहिली मात्रा) चुकली तर खाली ऐक, घर सापडेल. सोळाही मात्रा सारख्या भरघोस वाजल्या असत्या तर आपण आवर्तनात कुठे आहोत हे कळायला मार्गच नव्हता. तिहाईचे, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायच्या तुकड्याचे, दोन प्रकारही तेव्हाच कळले. तिन्ही तुकड्यांच्या मधे थांबा असला तर दमदार, थांबा नसला तर बेदम. दम म्हणजे श्वास, म्हणजेच थांबा. बोलण्यात मात्र दमदार म्हणजे जोरकस आणि बेदम म्हणजे मरेस्तोवर, ‘बेदम मारलं’ म्हणतो तसं. तबलजीच्या भाषेत जो थांबतो तो दमदार.

विसाव्याचाही एक शब्द इथे हवा. वारीत पालखीचा दुपारचा विसावा असतो आणि रात्रीचा मुक्काम. विसाव्यात वाट संपत नाही, खांदे मोकळे होतात. अंत्ययात्रेतही वाटेत तिरडी टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. अभंग म्हणत निघालेल्या आणि रडत निघालेल्या, दोन्ही चालण्यांना एकच शब्द, आणि तो कोणालाच खटकत नाही.

माझ्या कामातली मोकळी जागा याच्यापुढे फारच क्षुल्लक, दोन शब्दांमधली. पण तीही आयती मिळालेली नाही. मोडी लिपीत आधी कागदभर रेघ ओढायची आणि तिला लटकवून एका दमात लिहीत जायचं. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. देवनागरी पोथ्यांतही अक्षरं सलगच, थांब्यासाठी दंड. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी छपाईबरोबर, इंग्रजीच्या वळणाने आली, आणि ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. म्हणजे वाक्यात कुठे थांबायचं हे ठरवायला एक लष्करी अधिकारी आला. आता उलटी तऱ्हा. मोबाइलवर लिहिणारे नको तिथे जागा सोडतात: ‘घरा समोर’, ‘त्या मुळे’, ‘माझ्या साठी’. हिंदीत ‘घर के सामने’ सुटं लिहितात, त्याची ही सवय लागली असावी. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडूनच येतं, नावातच योग आहे. मी निमूटपणे जोडत बसते. कधी मात्र ती बोटभर जागा अर्थच फिरवते. ‘ठरावावर एकमत झालं’ आणि ‘ठरावाला एक मत मिळालं’ यांत सबंध सभेचा निकाल उलटा लागतो.

अंतर हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला. या सगळ्यांत तो मला सगळ्यांत जवळचा. दोन गावांत अंतर असतं, दोन भावंडांत सहा वर्षांचं अंतर असतं, त्यात कोणाचं काही बिघडलेलं नसतं. आणि त्याच अक्षरांनी आपण आतलं मनही म्हणतो: अंतरीची खूण, अंतरंग. लांबीचं अंतर आणि काळजातलं अंतर एकाच शब्दात नांदतात. पण वाक्प्रचारात यायला लागलं की हा शब्द एकदम गंभीर होतो. ‘मी तुला कधी अंतर देणार नाही.’ याचा अर्थ टाकणार नाही, सोडणार नाही. जुन्या नाटकांतून हे वाक्य नायक म्हणायचे आणि प्रेक्षकांना पुढच्या अंकात काय होणार ते कळायचं.

अवकाशाची तऱ्हा निराळी. ‘निघायला अजून अवकाश आहे’ यात तो ऐसपैस पसरलेला, आणि अवकाशयानातला तर अनंत. पण ‘मी हाक मारायचा अवकाश, पोरं धावत आली’ यात त्याची लांबी किती? शून्य. हाक आणि धावणं यांच्या मधे वाराही शिरत नाही. एवढा लांबलचक शब्द इथे फक्त जागाच नव्हती हे सांगायला येतो. परक्या माणसाला मराठी शिकवताना या वाक्यापाशी हमखास अडतं, आणि समजावून सांगायला माझ्याकडेही ‘असंच म्हणतात’ याखेरीज काही नसतं.

मग गॅप आणि ब्रेक यांचं काय? त्यांनी आपले शब्द खाल्ले अशी तक्रार माझ्याकडे बरेचजण घेऊन येतात, मी या धंद्यात असल्याने ती मला पटेल या खात्रीने. अर्धी पटते. ‘आमच्या बोलण्यात गॅप पडला’ हे वाक्य आळशी आहे, कारण अबोला होता, दुरावा होता, की नुसतीच गाठ पडली नव्हती, हे सांगायचं त्यातून राहून जातं. पण मेकॅनिक प्लगचा गॅप बघतो तेव्हा त्याला फट म्हणून चालणार नाही. फट चुकून राहते, हा गॅप मोजून ठेवलेला असतो. तो बुजला की ठिणगीच पडत नाही. क्रिकेटमध्ये दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून चेंडू काढणारा ‘गॅप काढतो’. तिथे खिंडार म्हटलं तर मैदानात तोफा आणाव्या लागतील.

ब्रेकला तर मराठीने पुरतं आपल्या तालमीत घेतलंय. इंग्रजीत स्पेलिंगने वेगळे असलेले दोन शब्द आपल्याकडे येताना एकच झाले, गाडीचा तो आणि कामातला तोही. गोंधळ व्हायला हवा होता. होत नाही, कारण निवाडा आपलं क्रियापद करतं. ब्रेक घेतला म्हणजे माणूस दमला होता. ब्रेक लागला म्हणजे काम अडलं, बहुधा दुसऱ्या कोणामुळे. ब्रेक मिळाला म्हणजे नशीब उघडलं, पहिला सिनेमा, पहिली मालिका. आणि फेल झाला तर पळा. 

गॅपचं लिंग मात्र अजून ठरायचंय. ‘गॅप पडला’ आणि ‘गॅप पडली’ दोन्ही माझ्याकडे येतात, कधी एकाच लेखकाच्या एकाच पानावर. ‘जनरेशन गॅप’ म्हटलं की ती स्त्रीलिंगी होण्याकडे कल दिसतो, सर्टिफिकेटाच्या आधीचा गॅप पुल्लिंगी. फट, भेग, चीर एकीकडे. खंड, तडा, खाडा दुसरीकडे. तो कोणाच्या पंगतीला बसतो ते कळेपर्यंत मी लेखकाने पहिल्यांदा जे लिहिलं असेल तेच शेवटपर्यंत ठेवते आणि समासात पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढते.